अण्णांच्या गाडीचा बंपर

नाही, पण मला एक सांगा, आपल्याच घराच्या फाटकाचा खांब, वीस वर्षं एका जागी उभा असलेला, तो नेमका त्याच सकाळी मधे कसा येतो? बायको म्हणते, "अहो, तो मधे आला नाही, तुम्ही त्याच्या अंगावर गेलात." बरं बाई, गेलो! पण कोणाची गाडी घेऊन गेलो? अण्णांची! अण्णा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं ड्रायव्हरकी केली, पण गाडीला एक ओरखडा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पिकअपची चावी माझ्या हातात दिली. त्यांना दवाखान्यात सोडलं, घरी आलो, फाटकातून आत वळलो, आणि... धाड! पुढचा बंपर मधोमध दुभंगून खाली लोंबायला लागला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना आणायला जायचं, त्याच गाडीतून!

भित्रा नाही हो मी! भूकंप झाला तेव्हा घरातून सगळ्यात शेवटी मीच बाहेर पडलो होतो... झोप लागली होती, तो भाग वेगळा. पण अण्णा ओरडत नाहीत हो, तोच तर घोळ आहे! अण्णा नुसतं "हं" म्हणतात. माझी दहावी, माझी नोकरी, माझं लग्न, सगळं त्या एका 'हं'मध्ये बसवलंय त्यांनी.

धावत गेलो पार्टच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "हे मॉडेल बंद होऊन दहा वर्षं झाली. बंपर कुठला? आता फक्त आठवण मिळेल." मग कोणीतरी बादलीवाल्याचा पत्ता दिला. हा माणूस आधी फुटक्या बादल्या सांधायचा, मग टाक्या सांधायला लागला, आता गाड्यांवर आलाय. फुटका बंपर हातात घेऊन म्हणतो कसा, "होऊन जाईल! प्लास्टिकचा करू. जाड शीट घ्यायची, गरम हवेनं वाकवायची, कडा वितळवून जोडायच्या, वर काळा रंग. सख्खा भाऊ ओळखणार नाही!" म्हटलं, भाऊ नाही हो, बाप ओळखायला नको!

संध्याकाळपर्यंत बंपर तयार. बोल्ट असे आवळले, असे आवळले की पान्याला घाम फुटला असेल. "आता हलणार नाही!" दहा फुटांवरून बघितलं, हुबेहूब! पाच फुटांवरून बघितलं तर नाक जरा वाकडं वाटत होतं. तर हा मलाच विचारतो, "इतक्या जवळून कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी बायकोला सोबत घेऊन गेलो. गाडी दवाखान्यासमोर दोन तास भर उन्हात उभी. अण्णा बाहेर आले. एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्या डोळ्यानं त्यांना माणूस आणि म्हैस एवढाच फरक कळतो. म्हटलं, सुटलो! पण अण्णांची सवय माहितीये का? गाडीत बसायच्या आधी पुढून एक फेरी मारायची. निघाले की पुढच्या बाजूला! बायकोनं दंड धरला. "अण्णा, तिकडे चिखल आहे."

"या उन्हात?"

"टँकर सांडलाय, अण्णा!"

"हं," म्हणाले. मी झटकन दार उघडून धरलं.

भित्रा नाही हो मी, पण गाडी चालवत होतो आणि कान समोर, बंपरपाशी ठेवले होते. पूल चढलो, उतार लागला, मागे हा एवढा थोरला ट्रक, आणि... खट्! मग खर्र... खर्र... डाव्या चाकापाशी! बंपरचं एक टोक बोल्टपाशी तडकून सुटलं होतं आणि टायरला घासत होतं! ते चाकाखाली गेलं तर? स्टिअरिंग अडकलं तर? तिघंही गाडीत, मागे ट्रक, आणि माझा पाय ब्रेकवर आपोआप...

"ब्रेक एकदम दाबू नकोस." अण्णा. आवाज कसा, तर चहात साखर कमी आहे सांगावं तसा. "मागच्याला हात दाखव. गिअर खाली घे. आता डावीकडे. हळू... हळू... बास."

गाडी थांबली. ट्रक भोंगा वाजवत बाजूनं गेला. बायकोनं डोळे मिटलेले, मी स्टिअरिंगला चिकटलेला, माझी बोटं सोडवावी लागली हो!

अण्णा उतरले, पुढे गेले, बंपरवरून हात फिरवला. "हा आपला नाही."

मी पहिल्यांदाच बघतोय अशा थाटात बंपर बघायला लागलो.

"खांब का?"

"हो."

"कोणाचा?"

"...आपलाच."

मी 'हं'ची वाट बघत उभा. आलाच नाही! मी आणखी घाबरलो! अण्णा खाली वाकायला लागले तशी बायको ओरडली, "डॉक्टरांनी वाकायचं नाही सांगितलंय!" मग काय, मी रस्त्यावर आडवा, अण्णा वरून सांगतायत, आणि बायकोची ओढणी बंपरला बांधली.

तसेच बादलीवाल्याकडे. आता तुम्हाला सांगतो, हा माणूस पार बदलला! अण्णांनी बोटांनी चाचपून विचारलं, "भोकं गोल का पाडली?" तर म्हणतो, "तसं... होऊन जातं." अण्णा म्हणाले, "प्लास्टिक उन्हात वाढतं. त्याला सरकायला जागा नको? भोक लांबट पाड, बोल्ट जरा सैल ठेव. आणि तडा जिथं संपतो तिथं बारीक छिद्र घे, नाहीतर पुढे पळेल." बादलीवाला "हो काका, हो काका" करत छिद्र पाडतोय, तापलेल्या सळईनं तड्यात तार बसवतोय, वरून प्लास्टिक वितळवून भरतोय. प्रत्येक छिद्रानंतर तोही अण्णांच्या तोंडाकडे बघत होता. म्हटलं, चला, आपण एकटे नाही!

आठ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, नजर स्वच्छ. घरी आल्या आल्या अण्णा अंगणात गेले. मी खिडकीत पडद्याआड... भित्रा नाही हो मी, पण माणसानं जरा आडोशाला असावं. अण्णांनी बंपर डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला, ठोकून बघितला. मग खिडकीकडे न बघताच म्हणाले, "बाहेर ये."

गेलो. चावी माझ्या हातावर ठेवली. "चांगला झालाय. गाडी आता तूच वापर."

काय सांगू! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! चाळीस वर्षांत पहिल्यांदा 'चांगला' हा शब्द...

"फक्त मागचाही असाच करून घे."

"मागचा? अण्णा, मागचा तर ठणठणीत आहे!"

"माहितीये. पण रिव्हर्सही तूच घेणार ना?"

...परवाच माप देऊन आलो.