पांढरा बाण

अहो, हात काढा आधी तिथून — पोळेल. बॉनेटखाली काय चकचकीत केलंय हो तुम्ही, दाढी करून घ्यावी इथेच. पन्नास वर्षांची दोन सीटची गाडी, वर हे दोन मोठे कार्बोरेटर, सगळं कसं नवरदेवासारखं — फक्त ब्रेक लागत नाही. किरकोळ आहे म्हणा ते. आणि चूक कोणाची, तर आधीच्या गॅरेजवाल्याची. तसं मी लेटरहेडवर लिहून द्यायचं, म्हणजे तुम्ही जाऊन त्याच्या तोंडावर मारणार. छान. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय.

आता मला सांगा, ही रबरी नळी इथून खालून कोणी नेली? — आपोआप गेली? बरं, नळ्यांना पाय फुटतात हल्ली. प्रदर्शनात गाडी ठेवायची, नळ्या दिसायला नकोत, म्हणून तुम्ही नाही ना कापून खालून फिरवली? नाही म्हणता. बरं. ऐका. इंजिन हवा ओढतं ना, त्या ओढीवर तुमचा ब्रेक हलका होतो. ही नळी ती ओढ ब्रेकपर्यंत नेते. मध्ये हा व्हॉल्व्ह, बोटाएवढा. हा हवा एकाच दिशेने सोडतो — ब्रेककडून इंजिनाकडे. घ्या, फुंका. लाजू नका, पुसलाय मी. गेली? आता दुसऱ्या टोकाने. नाही ना जात? उलटा बसला की ब्रेकचा दगड होतो. एवढंच शास्त्र आहे, मोठ्या अकलेचं काम नाही.

आणि हे बघा, चष्मा लावा हवं तर. व्हॉल्व्हवर पांढऱ्या रंगाचा बाण. नळीवर ह्या बाजूला बाण, त्या बाजूलाही बाण. नळीवरचे दोन्ही इंजिनाकडे बघतायत आणि मधला एकटा पाठ फिरवून बसलाय. ज्याने तीन-तीन बाण काढले, तो स्वतः उलटा बसवेल? इतका वेडा नाही तो. बारीक ब्रशने काढतो, जीभ दाताखाली धरून, शाळेत नकाशा रंगवताना धरायचा तशी — ओळखतो म्हणजे काय, माझा धाकटा भाऊ आहे तो. तुम्हाला नाही सांगितलं त्याने? का सांगेल.

तो स्क्रूड्रायव्हर द्या. चपटा. — इथेच काम करायचा माझ्याबरोबर, ह्याच खड्ड्यात. तेव्हा नव्हता बाण काढत. ही बाणांची हौस नंतरची. एक गाडी आली होती, अशीच जुनी, अशीच नटवलेली. नळ्या बदलून दिली. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं आणि वळणावरच्या फाटकाच्या खांबावर आदळलं. मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून इथे उभं राहिलं, तुम्ही आहात तिथेच, आणि ओरडलं, कोणी केलं हे? व्हॉल्व्ह उलटा होता. मी म्हटलं, धाकट्याने. लगेच म्हटलं बघा, श्वासही न घेता. तुम्ही निदान घरून ठरवून आलात.

धाकटा खड्ड्यातून वर आला. हात पुसले, आपले पाने गोळा केले आणि गेला. आता तुम्ही म्हणाल, चूक केली नव्हती तर बोलला का नाही? काय बोलणार? नळ्या बदलल्या त्या दिवशी तो गॅरेजात नव्हताच हो — आईचे डोळे दाखवायला घेऊन गेला होता. मी एकटाच होतो इथे. हे त्याला माहीत, मला माहीत. अकरा वर्षं झाली. आईने शेवटपर्यंत विचारलं, तो का येत नाही. मी म्हणायचो, कामात असेल.

झालं. बसा गाडीत, इंजिन चालू करून ब्रेक दाबा. — लोण्यासारखा ना? व्हॉल्व्ह सुलटा केला, नळी आधी होती तशी वरून नेलीय. दिसेल प्रदर्शनात, दिसू दे. लोक विचारतील तर सांगा, हिच्यामुळे मी इथपर्यंत येऊन थांबू शकलो.

हो हो, कागद. विसरलो नाही. लिहूनच देतो. 'व्हॉल्व्ह मोठ्या भावाने उलटा बसवला होता.' खाली सही. तारीख. घ्या, नेऊन द्या त्याला. — तुमच्या गाडीचं नाही हे. त्याला कळेल कुठल्या गाडीचं. काय? मी स्वतःच का नाही जात?

किल्ली गाडीतच आहे. बॉनेट हळू लावा.