परदेशी निघालेलं पोतं

निपाणीच्या स्टँडावर संकेश्वरच्या गाडीची वाट बघणाऱ्या अक्काताईच्या कानावर मागच्या बाकावरच्या दोघांचं बोलणं पडत होतं.

“सत्याप्पा, रशियाबरोबर करार झाला आणि तुझी मिरची बोटीत बसली म्हणं?”

“बंदरापातूर गेलती, अण्णा. तिथं साहेबानं पोतं उघडलं आणि म्हणाला, मिरचीत रंग मिसळलाय.”

“मिसळलातास व्हय रं?”

“कुंकू हो. आमच्या घरातनं पहिल्यांदाच कोणतरी परदेशी निघालतं. मी लई शहाणा, पोत्याचं तोंड उघडून मूठभर हळदकुंकू वाहिलं.”

“आणि मिरची निघताना काय म्हणालास?”

“आपल्यात ‘जा’ कुठं म्हणत्यात? ‘जाऊन ये’ म्हणालो.”

“मग?”

“माझा शब्द मोडला न्हाय तिनं. परवा आली माघारी.”