पिनेला हात घालण्याआधी

आमचं गाव मालवणाकडचं, वडील गिरणीत, मी वाढलो वाकोल्यात आणि मरोळच्या एका वर्कशॉपात होडीची मशीनं दुरुस्त करायला शिकलो, आउटबोर्ड म्हणतात ती, होडीच्या मागच्या फळीला टांगलेली. बोलायची मला सवय नाही. पण आता विचारलंत तर सगळंच सांगतो.

मनोरीचा दिलीप माझा दोस्त. त्याची होडी खाडीत माणसं ने-आण करायची. मशीन किती कलतं ठेवायचं त्याला ट्रिम म्हणतात, फार आत गेलं तर होडी तोंड पाण्यात खुपसते, फार बाहेर आलं तर तोंड वर उचलते आणि पुढचं दिसत नाही. त्याच्या मशीनला बटण नव्हतं, काय सांगू तुम्हाला, एक पिन, ती या भोकातून काढून त्या भोकात घालायची, बस. पण आधी होडी बांधायची, मशीन बंद करायचं, वर उचलायचं, ते खाली येऊ नये म्हणून बाजूची खिटी लावायची, हलवून बघायचं, आणि मगच पिनेला हात. कितीतरी जणांना मी हे शिकवलंय.

त्या दिवशी वऱ्हाड पलीकडे न्यायचं होतं. होडी तोंड खुपसत होती, दिलीप म्हणाला एक भोक बदलू या. होडी बांधली, मशीन बंद केलं, मी ते वर उचललं. जेट्टीवरची एक मावशी ओरडली, आटपा रे, नवरी म्हातारी होईल. सगळे हसले, मीही तिच्याकडे वळून हसलो. दिलीपने विचारलं, खिटी लावलीस ना रे? लावली, घाल हात, मी म्हणालो. लावली नव्हती. मशीन खाली आलं आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

इस्पितळात तो अर्धवट गुंगीत होता. म्हणाला, सदा, मी तुला विचारलं होतं ना? मी म्हणालो, नाही रे, तू घाई केलीस. त्याने मानलं, कारण मशीनमधलं मला कळतं ना. होडी विकली त्याने. अकरा वर्षं त्याची बायको, लता वहिनी, त्याला बोलतेय, तुझी ही घाई, आणि तो मान हलवतो, येईल त्याला सांगतो, माझीच चूक, सदा बिचारा नुसता बाजूला उभा होता.

गेल्या महिन्यात त्याच्या ओट्यावर बसलो होतो. कोणी पाहुणा आला, त्याने हाताचं विचारलं, दिलीप तेच सांगायला लागला, आणि मला ऐकवेना. म्हटलं, दिलीप, तू विचारलं होतंस. लावली म्हणालो ते मी खोटं बोललो, आणि इस्पितळातही खोटंच बोललो. वहिनी चहा घेऊन दारात आली होती. दिलीप माझ्याकडे वळलाच नाही, तिला म्हणाला, ऐकलंस गं, मी विचारलं होतं.

तेव्हापासून त्याचा फोन येत नाही, मीही करत नाही. देव त्याला सुखात ठेवो. माफी मागायला मला तोंड नाही.