दूध मांजरीच्या भरवशावर

नाही, मला सांगा, 'टेन्शन घेऊ नकोस' म्हटल्यावर कुणाचं टेन्शन गेलंय का आजवर? पंधरा दिवस तापानं अंथरुणाला खिळले होते, तुम्हाला सांगते, उठले तर अंगावरचं दूध आटलेलं, आणि चार महिन्यांची माझी लेक बाटलीला अशी चटावलेली की मी छातीशी धरलं रे धरलं की तोंड फिरवून किंचाळायची... माझंच लेकरू हो! रडू नाही येणार?

नर्सबाई म्हणाल्या, "दर दोन तासांनी पंप लावा, लेकीला अंगाशी धरा, भरपूर पाणी प्या, आणि टेन्शन घेऊ नका." लावला पंप. घर्र घर्र, घर्र घर्र, अर्धा तास! किती दूध? बाटलीचा तळ ओला! त्यात दारातून सासूबाई डोकावणार, "आलं का गं? नाही? असू दे, असू दे, टेन्शन घेऊ नकोस हं," आणि मागून नवरा बाटली उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून, "कालच्यापेक्षा जरा जास्त वाटतंय!" अरे, ती वाफ आहे! आत्ताच उकळून काढलीय ती बाटली!

असे अठरा दिवस. आणि एकोणिसाव्या दिवशी काय व्हावं? खिडकीत एक भटकी मांजर आली, उपाशी, आणि असं काही केविलवाणं म्याव केलं तिनं... की माझा गाऊन भिजला! पोटची पोर घसा फोडून रडते तेव्हा थेंब नाही, आणि मांजरीसाठी पाझर! लाज वाटली, खरं सांगते, पण तशीच लेकीला उचलली, जवळ घेतली, आणि ती प्यायली हो! गटागटा! मी रडले, सासूबाई रडल्या, नवरा ते म्याव फोनवर रेकॉर्ड करायला धावला. पण फोनवरच्या म्यावला अंग काही फसत नाही. लावून बघितलं ना! थेंब नाही.

म्हणजे खरीच मांजर हवी. मग सासूबाईंनी काय करावं? उपकाराची फेड म्हणून तिच्यापुढे बशीभर दूध! सकाळी बशी, दुपारी बशी, संध्याकाळी बशी... "मुका जीव आहे गं तो!" आता झालाच ना मुका! भरल्या पोटी कशाला ओरडेल ती?

आत्ता या घडीला, खिडकीत मांजर मिशा चाटत आडवी पडलीय, मांडीवर लेक भुकेली, आणि मी त्या मांजरीपुढे हात जोडून बसलेय, "बाई गं, टेन्शन घेऊ नकोस... पण एकदा म्याव कर!"