मागे उरलेल्यांची नावं

अँथिया : तुझं नाव वाचलं नाही, सिल.

सिल्व्हानस : कोणी वाचलं नाही? आधी मला बूट तरी काढू दे. भाजलेल्या नीरफणसाचा वास पार कोपऱ्यापर्यंत येतोय.

अँथिया : रेडिओवर. दुपारच्या मृत्युवार्तांमध्ये आज पापा यूडोंची होती. मी नोएमीला भरवत होते, चमचा तिच्या तोंडाशी तसाच राहिला.

सिल्व्हानस : अगं, देशाचा पहिला पंतप्रधान गेलाय. त्याच्या मागे उरलेल्यांची यादी म्हणजे अर्धं बेट. एखादं नाव सुटतं. ती निवेदिका नवीन आहे, मध्येच शिंकली असेल.

अँथिया : शिंकली नाही. मुलं वाचली, नातवंडं वाचली, कॅनडातल्या सुना वाचल्या. मग आताचे पंतप्रधान, मग एकेक मंत्री. शेती, आरोग्य, पर्यटन. पर्यटनानंतर तुझं बांधकाम खातं यायचं. तिथे तिने श्वास घेतला आणि थेट पापांच्या कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या बाईवर गेली. ती बाई मागे उरली, सिल. तू नाही उरलास.

सिल्व्हानस : ती त्यांना माझ्यापेक्षा जवळची होतीच. कोंबडे झुंजीचे होते ना.

अँथिया : हसण्यावारी नेऊ नकोस. तुझी सगळी कारकीर्द मी त्याच रेडिओवर ऐकलीये. शाळामास्तर होतास तेव्हा तू 'आणि इतर मित्रपरिवार' यात बसायचास. पापांच्या बहिणीच्या दफनाला चार शब्द बोललास, त्यांनी तुला हेरलं, आणि पुढच्याच मृत्युवार्तेत तू 'मास्तर सिल्व्हानस प्रॉस्पर' झालास. आई म्हणाली, पोरगा वर निघाला, आता याला हो म्हण. मत्स्यखातं मिळालं तेव्हा तुझं नाव पाद्र्यांच्या नंतर यायचं. बांधकाम मिळाल्यावर आधी यायला लागलं.

सिल्व्हानस : आणि आज कोंबड्यांच्याही खाली. बरं, कळलं. पंतप्रधान फुगलेत. उतरेल राग.

अँथिया : उत्तरेच्या खाडीवरून?

सिल्व्हानस : मी मंत्रिमंडळात नाही म्हटलं, एवढंच. अख्खी खाडी बाहेरच्या कंपनीला द्यायची, मग आपल्या माणसांनी जाळी वाळवायची कुठे, त्यांच्या हॉटेलाच्या गच्चीवर? हेच मंगळवारी सभागृहात उभं राहून बोलणार आहे. तसं त्यांना सांगितलं. म्हणाले, मास्तर, तुझी मर्जी. अगदी गोड बोलले. स्वतःच्या हाताने रम ओतली मला.

अँथिया : ओझियासलाही ओतली होती. तोही मंत्रीच होता, आणि तोही त्यांना नाही म्हणाला होता.

सिल्व्हानस : ओझियासचा अपघात झाला.

अँथिया : अपघाताच्या आधी त्याच्या सख्ख्या क्लोटिल्डमावशीच्या मृत्युवार्तेतून त्याचं नाव गळलं. मग त्यालाच मासेमारीला बोलावलं, म्हणे झालं गेलं विसरू. बोट रिकामी सापडली. आत त्याच्या चपला जोडीने नीट लावलेल्या. त्याची बायको मला चर्चच्या पायरीवर म्हणाली, या माणसाने जन्मात कधी चपला जोडीने लावल्या नाहीत. आणि कोणीतरी जवळ आलं तशी लगेच पावसापाण्याचं बोलायला लागली.

सिल्व्हानस : नोएमी झाल्यापासून तुला जिथे तिथे सावल्या दिसतात.

अँथिया : दिसतात. ती पंख्याखाली झोपली की मी पंखा बघत बसते. पण पंखा कोणाला मासेमारीला बोलवत नाही.

सिल्व्हानस : ऐक. क्लीटस आला वाटतं. बघ, गाडी अजून माझीच आहे आणि ड्रायव्हरही.

(दाराबाहेर गाडीचं इंजिन बंद होतं.)

क्लीटस : साहेब. मॅडम. आत येऊ का? पायाला वाळू आहे.

अँथिया : असू दे वाळू. रविवारचा कसा आलास?

क्लीटस : धक्क्यावरून आलो. पंतप्रधानांकडून निरोप आहे. पापा यूडोंना उद्या त्यांच्या जन्मगावी पुरणार, समोरच्या रोशेट बेटावर. साहेबांनी आज दिवस बुडायच्या आत तिकडे पोचायचंय. शवपेटीला खांदा द्यायला साहेबांचं नाव आहे.

सिल्व्हानस : ऐकलंस? खांदा. रेडिओवर नसेना का नाव, पेटीखाली आहे. यापेक्षा वरची जागा नसते, बाईसाहेब. माझा काळा कोट काढ.

अँथिया : बोट कोणाची, क्लीटस?

क्लीटस : खात्याची नाही, मॅडम. लहान आहे. निळी.

अँथिया : बाकीचे मंत्री?

क्लीटस : ते उद्या सकाळी, मोठ्या बोटीने. पाद्री, बँडवाले, सगळेच.

अँथिया : म्हणजे आज एकटे हेच.

क्लीटस : हे आणि बोट चालवायला दोघं. मी ओळखत नाही त्यांना.

अँथिया : तुझा जन्म गेला त्या धक्क्यावर, आणि तू ओळखत नाहीस?

क्लीटस : मला साहेबांना धक्क्यापर्यंत आणायला सांगितलंय, मॅडम. पुढचं नाही सांगितलं.

सिल्व्हानस : पुरे झाली उलटतपासणी. मास्तरचा मंत्री त्या म्हाताऱ्याने केला मला. त्याला खांदा द्यायला गेलो नाही, तर मंगळवारी कोणत्या तोंडाने उभा राहू? म्हणतील, मेलेल्याला पाठ दाखवणारा खाडी काय राखणार. कोट दे.

अँथिया : देते. क्लीटस, तोवर हिला जरा घे.

क्लीटस : आत्ता? हात मळलेत माझे, मॅडम.

अँथिया : मॅडम म्हणू नकोस. बाप्तिस्म्याला नोएमीला हातात धरून धर्मबाप म्हणून उभा तू राहिलास. तिच्या वतीने सैतानाला नाही तू म्हणालास. त्या दिवसापासून तू माझा कोंपे आहेस, मी तुझी कोमे. आपल्याकडे माणूस बायकोशी खोटं बोलेल, पाद्र्याशीसुद्धा बोलेल, पण धर्मलेक हातात असताना तिच्या आईशी बोलत नाही. घे. मान सांभाळ तिची. आता सांग, कोंपे.

क्लीटस : केवढी जड झाली गं ही.

अँथिया : कोंपे.

क्लीटस : समुद्र शांत आहे, कोमे. तळ दिसतो इतका.

सिल्व्हानस : झालं समाधान?

क्लीटस : पण त्या बोटीत दोन नांगर आहेत. एवढीशी होडी, तिला एक पुष्कळ होतो. मी विचारलं, दुसरा कशाला रे बाबांनो. त्यातला एक हसला. म्हणाला, म्हातारबा, तू आपली गाडी चालव.

सिल्व्हानस : हे तू मला वाटेत सांगणार होतास ना, क्लीटस?

क्लीटस : नाही, साहेब. माझा पोरगा बंदरात नोकरीला आहे. मी काहीच सांगणार नव्हतो.

अँथिया : कोट परत अडकव, सिल.

सिल्व्हानस : धक्क्यावर काय सांगशील त्यांना?

क्लीटस : साहेबांना ताप भरलाय, उभं राहवत नाही. पोरीलाही लागण झाली म्हणतो. लहान लेकराचं नाव घेतलं की लोक फार विचारत नाहीत.

अँथिया : तिचं नाव नको घेऊस. त्यांच्यासमोर तरी नको.

क्लीटस : बरं. मग नुसता साहेबांना ताप.

सिल्व्हानस : पापांना वाटेल, मास्तर आला नाही.

अँथिया : पापांना सगळं ठाऊक असेल. या लोकांना पक्षात त्यांनीच घेतलं. मंगळवारी आपण तिघं जाऊ सभागृहात. मी सज्जात पुढेच बसेन, हिला मांडीवर घेऊन, सगळ्यांना दिसेल अशी. तू बोल काय बोलायचं ते.

सिल्व्हानस : तू हिला तिथे आणणार?

अँथिया : घरी कोणाच्या भरवशावर ठेवू?

सिल्व्हानस : ठीक आहे. क्लीटस, मंगळवारी नेहमीच्या वेळेला ये. आणि आज जपून जा.

क्लीटस : झोपली ही. घे, कोमे. गाडी येईल, साहेब, वेळेवर येईल. पण पोरीला घेऊन बसायच्या आधी जरा वाकून बघा, चालवायला मीच आहे का.