अस्वलाचा स्वेटर आणि आमच्या बाई

अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापक साहेब, व्यासपीठावरची सगळी मोठी माणसं, समोर बसलेले पालक आणि आत्तापासूनच चुळबुळ करणारी बच्चेकंपनी, सगळ्यांना माझा नमस्कार.

माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं.

मी शिंपी. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत. बाईंच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलंय, तेव्हा शाळेचं काही चुकत तर नाही ना, अशी सकाळपासून धास्ती आहे. पण सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही बोलायचं तर कोणी?" तेही खरंच.

माझी नात पहिलीत होती. अक्षरं ओळखायची, पण मोठ्याने वाच म्हटलं की ओठ शिवल्यासारखे बंद. शाळेतून निरोप आला, असंच चाललं तर पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल. माझी झोप उडाली. भेटायला आलो तर बाई म्हणाल्या, "आजोबा, उद्यापासून दुपारी वर्गात येऊन बसा. ती वाचेल, तुम्ही ऐका."

म्हटलं, "अहो बाई, ती वाचतच नाही, मी ऐकू काय?"

"ते तिचं ती बघेल. तुम्ही फक्त पुस्तकात डोकवायचं नाही." एवढं बोलून बाईंनी माझा चष्मा काढून घेतला, टेबलाच्या खणात ठेवला आणि वर किल्ली फिरवली! शिंप्याचा चष्मा असा कोणी काढून घेतं का हो?

पुस्तकं बाईंनीच केलेली. प्राण्यांच्या गमतीच्या गोष्टी, चित्रंही त्यांचीच, पानावर जेमतेम एक-दोन वाक्यं. नातीने मला मुकाट्याने चित्र दाखवलं. मला दिसला नुसता तपकिरी डाग. म्हटलं, "काय आहे गं हे? उशी?" तिने कपाळाला हात लावला. मग अगदी हळू आवाज आला, "अस्वलाने स्वेटर घातला." पान उलटलं. "डोकं अडकलं. अंधार झाला. अस्वलाला वाटलं, रात्र झाली. अस्वल झोपलं."

शेजारची पोरं खिदळायला लागली. मला कसलं हसू येतंय! म्हटलं, "अगं, गळा एवढा लहान बेतला कोणी? बटणपट्टी तरी ठेवायची! श्वास कोंडेल ना त्याचा! निघालं का बाहेर?"

"आजोबा, थांबा ना जरा! वाचतेय ना मी!"

आणि मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलं हो पोरीने. "शेळी आली. शेळीने स्वेटरचा गळा खाल्ला. अस्वल म्हणालं, सकाळ झाली!"

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला आणि मी हसलो. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. हसत होत्या की आणखी काही, ते चष्म्याशिवाय मला कळलं नाही.

नात वर्ष न गमावता दुसरीत गेली. बाईंनी मला मात्र पहिलीतच ठेवलं, बाकीच्या मुलांचं ऐकायला. म्हणाल्या, "इतकी काळजी करणारं माणूस मला शोधूनही मिळायचं नाही." घरी याच स्वभावावरून जन्मभर बोलणी खाल्ली. मुलगा तर मला काळजीचं दुकान म्हणतो. बाईंनी त्या दुकानाला गिऱ्हाइकं आणून दिली. हे उपकार मी कसे फेडू?

गेल्या रविवारी नात दाराशी एकटीच पुस्तक घेऊन बसली होती. वाचता वाचता फस्सकन हसली. मी मशीन थांबवून विचारलं, "काय गं, काय झालं पुढे? कोणाला लागलं तर नाही?"

मान वर न करता म्हणाली, "आजोबा, थांबा. आधी मला वाचू दे."

थांबलो. बराच वेळ थांबलो. बाई, इतक्या आनंदाने मी आजवर कोणासाठी थांबलो नव्हतो.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, काही वेडंवाकडं बोललो असेन, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणि बाई, व्यासपीठाच्या त्या पायऱ्या उतरताना जरा जपून हं.