शुक्रवारचा ट्रॅक बार

आर्लिस : अजून किती वेळ हे स्टीअरिंगचं चाक घुसळत बसू? लोणी निघेल आता.

वर्लिन : थांबू नकोस. जरासं डावीकडे, लगेच जरासं उजवीकडे. इंजिन चालू राहू दे. मी गाडीखालून बारच्या टोकाकडे बघतोय.

आर्लिस : मला नुसते तुझे बूट दिसतायत. आणि त्या डाव्या हातावर भार देऊ नकोस. सुया टोचायची जागा आहे ती, नर्सने हजारदा बजावलंय.

वर्लिन : हात पोटावर घेतलाय. शवपेटीत ठेवतात तसा. फिरव.

आर्लिस : सोमवारी सकाळी काय हे अभद्र बोलणं!

वर्लिन : हं. सापडलं. कर बंद इंजिन.

आर्लिस : काय सापडलं?

वर्लिन : ट्रॅक बार. पुढचा ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून गाडीच्या सांगाड्याला बांधून ठेवणारा आडवा दांडा. त्याचा बुश, टोकातलं रबरी अस्तर, खलास झालाय. बोल्टचं भोक अंड्यासारखं लांबुळकं झालंय. तू स्टीअरिंग फिरवलंस की आधी बोल्ट नाचतो, मग चाकं वळतात.

आर्लिस : म्हणजे परवा बिलिंग्जहून येताना पुलावर गाडी अंगात आल्यासारखी घुमली, ती यानेच?

वर्लिन : यानेच.

आर्लिस : पण एप्रिलमध्ये तू नवा डॅम्पर बसवला होतास. थरथर गेली म्हणालास.

वर्लिन : गेली नव्हती, दबली होती. डॅम्पर नुसते धक्के खातो. चार महिने त्याने ते खाल्ले आणि मागे हे भोक मोठं होत गेलं. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये येईल त्याला सांगितलं, बाबा रे, डॅम्परने दुखणं झाकू नकोस, आधी बार बघ. आणि स्वतःच्या गाडीला तेच केलं.

आर्लिस : का पण?

वर्लिन : डॅम्पर बसून बदलता येतो. बारला अंगात जोर लागतो. डायलिसिसच्या यंत्रावरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यात बरणीचं झाकण उघडायचा जोर नसतो, ठाऊक आहे तुला.

आर्लिस : बरं, झालं ते झालं. उद्या मंगळवार. सकाळी सातला तुला खुर्चीत बसायचंय आणि एकशे तीस मैल या गाडीतून बिलिंग्जला जायचंय, दुसरी गाडी आपल्याकडे नाही. मी क्लीटला फोन लावते. दुकान उघडलं असेल त्याने. थांब, उतरून आवाज मोठा करून बोनेटवर ठेवते, म्हणजे तुलाही ऐकू येईल.

क्लीट : पार्ट्सचं दुकान, क्लीट बोलतोय.

आर्लिस : क्लीट, मी आर्लिस फोल्क. वर्लिन गाडीखाली आहे. ट्रॅक बार गेलाय.

क्लीट : मिसेस फोल्क, एप्रिलमध्ये डॅम्पर देताना मी म्हणालो होतो की नाही...

वर्लिन : म्हणाला होतास. आज टोमणे नकोत, पाठीवर पडलोय मी.

क्लीट : गुरूला टोमणा मारायची संधी रोज थोडीच मिळते! बरं, ऐका. एक बार आत्ता इथे फळीवर पडलाय. साधा, मूळ मापाचा, रबरी बुशचा. तासाभरात येऊन घेऊन जा.

वर्लिन : मूळ मापाचा बसायचा नाही नीट. गाडी मूळ उंचीपेक्षा तीन इंच उचललेली आहे.

क्लीट : अजून? कॉर्बिन स्पोकेनला राहायला गेला तेव्हाच खाली करायची ना.

आर्लिस : मुलाच्या हातचं काम याला मोडवत नाही.

क्लीट : मग साध्या बारने ॲक्सल बोटभर एका बाजूला ओढला जाईल. पण बिलिंग्जच्या पाचसहा फेऱ्या बिनघोर होतील. दुसरा मिळतो तो लांबी कमीजास्त करता येणारा. जाड नळीचा, एका टोकाला बुश, दुसऱ्याला सांध्याचा फिरता गोळा, ग्रीस भरायची सोय, सोबत नवं ब्रॅकेट. पण तो डेन्व्हरच्या गोदामातून यायचा. शुक्रवार उजाडेल.

आर्लिस : शुक्रवार नको. साधा दे. मीच येते न्यायला, हळूहळू चालवत.

वर्लिन : शुक्रवारचा मागव, क्लीट.

क्लीट : दोन्ही घ्या की. साधा आज लावा, शुक्रवारी चांगला आला की साधा मला आणून द्या. वापरलेला असला तरी घेईन परत. दुसऱ्या कोणाला नाही असं करणार.

वर्लिन : एकच. शुक्रवारचा.

क्लीट : वर्लिन, मंगळवार, गुरुवार, शनिवार तुमची बिलिंग्जची वारी असते, सगळ्या गावाला माहीत आहे.

वर्लिन : गावाला नेहमीच फार माहीत असतं. मागव तू.

क्लीट : मागवतो. मिसेस फोल्क, ऐकताय ना? साधा बार मी संध्याकाळपर्यंत कोणाला देत नाही. बाजूला काढून ठेवतोय.

आर्लिस : देव तुझं भलं करो, पोरा. ठेवते. हं, आता बोल, वर्लिन. हा कसला हट्ट? खेकड्यासारखी तिरकी गेली तरी चालेल मला ही गाडी. उद्या तू तिथे पोचलास म्हणजे झालं.

वर्लिन : तो रबरी बुश दोन हिवाळेसुद्धा काढायचा नाही. बर्फात, एकटीने चालवताना स्टीअरिंग थरथरायला लागलं की काय करशील?

आर्लिस : तुला हाक मारीन. आणखी काय करणार?

वर्लिन : टॉर्च दे जरा इकडे.

आर्लिस : विषय बदलू नकोस. बरं, नको तर नको साधा. उद्या आणि गुरुवारी लोवेल सोडेल आपल्याला. शेजारी आहे, दहादा म्हणाला असेल बिचारा. करते त्याला फोन.

वर्लिन : लोवेलला फोन करू नकोस.

आर्लिस : यात कसली आलीय लाज?

वर्लिन : मी ती खुर्ची सोडलीय, आर्लिस.

आर्लिस : कोणती खुर्ची?

वर्लिन : यंत्राजवळची. शनिवारी तू गाडी दाराशी आणायला गेलीस ना, तेव्हा डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आता पुरे. त्यांनी दोनदा विचारलं. मग कागद दिला, मी सही केली. म्हटलं, रांगेत कोणी असेल त्याला द्या माझी जागा.

(आर्लिसची पावलं शेडच्या दाराकडे जातात.)

वर्लिन : आर्लिस? कुठे गेलीस?

आर्लिस : कुठे जाणार? पायरीवर बसलेय. एकशे तीस मैल माझ्या शेजारी बसून आलास तू. पुलावर गाडी घुमली तेव्हा मी ओरडले, देवा, याला वाचव. तेव्हासुद्धा तुझं तोंड उघडलं नाही?

वर्लिन : त्या वेळी स्टीअरिंग तुझ्या हातात होतं.

आर्लिस : फादर ऑगस्टना विचारलंस तरी?

वर्लिन : विचारलं, महिन्यापूर्वी. म्हणाले, यंत्र नको म्हणणं आणि जीव देणं एक नव्हे. हे पाप धरायचं नाही.

आर्लिस : म्हणजे महिनाभर त्यांना ठाऊक! दर रविवारी माझा हात हातात घेऊन विचारत होते, कशी आहेस आर्लिस.

वर्लिन : चर्चमध्ये कबुलीत सांगितलं होतं, ते गुप्त राहतं. ते कसे बोलणार?

आर्लिस : तू बोलू शकत होतास. मी काही कबुलीच्या जाळीपलीकडे बसलेली नव्हते, रोज रात्री तुझ्या उशीशेजारी होते. कॉर्बिनला सांगितलंस?

वर्लिन : नाही.

आर्लिस : कालपासून माझी नऊ दिवसांची प्रार्थना चाललीय. पहाटे चारला, उपाशी, त्या गार फरशीवर गुडघे टेकून. कशासाठी, माहीत आहे?

वर्लिन : माझ्या मूत्रपिंडांसाठी.

आर्लिस : या गाडीसाठी! मूत्रपिंडांचं मागून मागून तोंड वाळलं माझं. म्हटलं, देवा, मोठं काही मागत नाही आता. गाडी तेवढी धड होऊ दे, बाकी मी याला नेईन आणीन.

वर्लिन : मग ऐकलं त्याने. शुक्रवारी होईल धड.

आर्लिस : काही हाड आहे का तुझ्या जिभेला?

वर्लिन : चुकलो. तसं नव्हतं म्हणायचं.

आर्लिस : मग कसं म्हणायचंय ते सांग. एकदा नीट सांग मला.

वर्लिन : चार तास खुर्ची, पाच तास रस्ता. दुसरा दिवस झोपेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा रस्ता. सबंध आठवड्यात एक सोमवार तेवढा माझा. आज बघ, गाडीखाली शिरलो, दुखणं शोधलं, माणसासारखा वाटतोय मला मी. मला आता सगळे सोमवारच हवेत. थोडे का होईनात.

आर्लिस : थोडे म्हणजे किती?

वर्लिन : बाई म्हणाल्या, आठ. दहा. कोणाला चौदाही मिळतात.

आर्लिस : आठवडे?

वर्लिन : दिवस.

आर्लिस : देवा रे.

वर्लिन : शुक्रवारपर्यंत डोकं जागेवर राहील. त्याच्या पुढची खात्री कोणी देत नाही. निदान हा बार मी बसवेन. तुझ्या हाताखाली चाक थरथरत सोडून कसा जाऊ?

आर्लिस : मग नकोच तो बार. आत्ता सांगते क्लीटला. बार आलाच नाही तर तुला जाता यायचं नाही. हसू नकोस खालून!

वर्लिन : हसत नाही मी.

आर्लिस : मग तो आवाज कसला?

वर्लिन : डोळ्यात गंज पडला.

आर्लिस : बाहेर ये.

वर्लिन : येता येत नाही. मघापासून बघतोय. हात दे.

आर्लिस : कोणता धरू?

वर्लिन : उजवा. हळू.

(शुक्रवार, दुपार. तीच शेड. बार आला आहे. आता गाडीखाली आर्लिस आहे आणि वर्लिन शेजारी पांघरूण घेऊन बसला आहे.)

आर्लिस : वर्लिन, डोळे मिटू नकोस. बोलत राहा.

वर्लिन : उघडेच आहेत. लांबी जुळली?

आर्लिस : डावीकडे अर्धा इंच जास्त भरत होती. टोक सोडून दोन आटे फिरवले, आता दोन्हीकडे सारखी. आवळून टाकू बोल्ट?

वर्लिन : आत्ता नको. आधी जॅक काढ. चाकं जमिनीला टेकू देत, गाडीचं वजन बसू दे. लटकत्या गाडीत आवळलंस तर बुश पिळला जातो.

आर्लिस : हे तू आधीही सांगितलंस.

वर्लिन : कधी?

आर्लिस : आत्ताच. पाच मिनिटांपूर्वी.

वर्लिन : असेल. पाय किती सुजलेत बघ, बूट चढले नाहीत आज.

आर्लिस : बघितलेत. हं, टेकली चाकं. आता?

वर्लिन : मोठा पाना घे, त्यावर नळी चढव आणि सगळं अंग टाक. माझ्यावरचा राग काढ.

आर्लिस : तेवढा काढला तर बोल्ट तुटेल.

वर्लिन : तुटायचा नाही. चांगल्यातला आहे. अजून. अजून एकदा. बस.

आर्लिस : झालं. कॉर्बिन उद्या सकाळी अकराला विमानतळावर उतरतोय. मी जाते न्यायला. लोवेल तुझ्याजवळ बसेल.

वर्लिन : त्याने गाडी उचलल्यामुळे बोल्टचं भोक मोठं झालं, असं काही त्याला बोलू नकोस.

आर्लिस : नाही बोलणार.

वर्लिन : आता चालवून बघ. साठच्या पुढे ने. चाक हलकं धर, आवळून धरलंस तर कळायचं नाही.

आर्लिस : तू चल ना शेजारी.

वर्लिन : मला उठवू नकोस आता. जा तू.

आर्लिस : कुठपर्यंत जाऊ?

वर्लिन : टपालपेट्यांपर्यंत. तिथे वळायला जागा आहे.

आर्लिस : वारा सुटलाय. शेडचं दार ओढून घेऊ?

वर्लिन : नको. उघडं राहू दे. जाताना दिसशील.